केईएफ रेफरन्स वन स्पीकरसाठी स्टिरिओ पॉवर ॲम्प : कोणता, किती वॅटचा आणि का?

मारवा (पुणे)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा स्वतःचा धागा काढतोय.

जूनमध्ये आमच्या गल्लीतल्या डीपीवर न्यूट्रल तुटला. संध्याकाळची वेळ. पंखे एकदम घरघरायला लागले, दिवे डोळे दिपतील इतके लख्ख झाले, आणि मी मेन स्विचपर्यंत पोचेस्तोवर माझ्या बावीस वर्षं जुन्या इंटिग्रेटेड ॲम्पमधून जळका वास आला. दुरुस्तीला दिला, तो पाच महिने तिथेच पडून राहिला. शेवटी "पार्ट मिळत नाही" म्हणून जसाच्या तसा घरी आला. झाकण उघडून बघितलं तर धूळसुद्धा पुसलेली नव्हती. फार वाईट वाटलं.

स्पीकर वाचले हे नशीब. केईएफ रेफरन्स वन, एका स्नेह्याकडून गेल्या वर्षी घेतलेले. खोली १२ बाय १६ फूट, बसायची जागा स्पीकरपासून ९ फुटांवर. ऐकणं बहुतेक ख्याल आणि नाट्यसंगीत, रविवारी थोडं पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं. रेकॉर्डही आहेत, पण जास्त करून डॅकवरूनच (डिजिटल गाण्याचा ॲम्पला लागणारा सिग्नल करणारं यंत्र) वाजतं. प्रीॲम्प (पॉवर ॲम्पच्या आधीचं, आवाजाच्या नॉबचं यंत्र) वेगळा आहे, त्याला फक्त आरसीए म्हणजे साध्या गोल पिनेचं आउटपुट.

सध्या मेहुण्याचा ४० वॅटचा छोटा इंटिग्रेटेड आणलाय. हळू आवाजात छान लागतो. आवाज वाढवला की तबल्याची थाप कडक येते आणि किशोरीताईंचा तार षड्ज कानाला टोचतो. त्यांच्या आवाजात टोचणं कुठून येणार? दोष माझ्या यंत्रणेचाच.

बजेट ४ लाख. आयुष्यात पुन्हा एवढा खर्च करणं होणार नाही, म्हणून घाई नाही. एक म्हणतो क्लास ए (गाणं नसतानाही सतत पूर्ण करंट वाहणारा) घे, दुसरा म्हणतो व्हॉल्व्ह, तिसरा म्हणतो २०० वॅटच्या खाली बघूच नकोस. कुठून सुरुवात करावी तेच कळेनासं झालंय.

झाला (दादर)

मारवासाहेब, स्वागत. स्पीकर उत्तम आहेत, त्यांना साजेसाच ॲम्प घ्या.

माझा अनुभव सांगतो. पंधरा वर्षांत माझ्याकडे सहा पॉवर ॲम्प येऊन गेले. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा होता. ज्या दिवशी क्लास ए घरी आला त्या दिवशी सारंगीचा गज तारेवर घासतोय हे पहिल्यांदा "दिसलं". तुम्ही जे कडकपणाचं म्हणताय ते स्वस्त क्लास एबी (गाण्याच्या गरजेनुसार करंट ओढणाऱ्या) ॲम्पचं नेहमीचं दुखणं आहे. नेल्सन पास यांची रचना असलेला एखादा ॲम्प जुना मिळाला तर डोळे मिटून घ्या. कमी वॅटचा असला तरी चालेल, पहिला वॅट गोड हवा.

खर्ज (नाशिक)

झाला, तुमच्या कानांबद्दल आदर आहे, पण निदान न करता औषध देऊ नये असं मला वाटतं. मारवाजींनी एक फार मोलाची गोष्ट लिहिली आहे : हळू आवाजात छान, वाढवला की कडक. ॲम्पचा स्वभाव कडक असता तर तो हळू आवाजातही जाणवला असता. मला हे क्लिपिंग वाटतं.

जरा आकडे मांडतो. रेफरन्स वनची सेन्सिटिव्हिटी ८५ डीबी, म्हणजे २.८३ व्होल्ट दिले की एक मीटरवर ८५ डीबी. ८ ओहमच्या हिशोबाने हा एक वॅट. ९ फूट म्हणजे पावणेतीन मीटर, मोकळ्या मैदानात तेवढ्या अंतराला सुमारे ९ डीबी कमी होतात. पण आपण खोलीत बसतो, भिंती काही परत देतात, आणि स्पीकर दोन आहेत. ते धरून तुमच्या खुर्चीवर एका वॅटला साधारण ८२ डीबी मिळतील. पुढे दर ३ डीबीला वॅट दुप्पट, दर १० डीबीला दहापट. १०० वॅटला १०२ डीबी.

आता ख्याल. सरासरी ७५ डीबी ठेवलीत तर घरात भरपूर वाटते. पण तबल्याच्या थापेचं टोक सरासरीच्या १५ ते २० डीबी वर जातं. म्हणजे ९३ डीबी धरा, त्याला तेरा-एक वॅट. वाद्यवृंद जोरात लावलात की हाच आकडा पन्नासच्या घरात जातो. ४० वॅटचा ॲम्प तिथे संपतो. संपला की लाटेचा माथा कापला जातो, हेच क्लिपिंग, आणि कापलेल्या माथ्यातून जे नको ते वरचे स्वर निघतात तेच तुम्हाला टोचतात.

दुसरी गोष्ट ओहमची, म्हणजे स्पीकरच्या विद्युत अडथळ्याची. केईएफ लिहितं ८ ओहम, आणि तिथेच पुढे लिहितं कमीत कमी ३.२. त्या खड्ड्यात ॲम्पला अडीचपट करंट द्यावा लागतो. १०० वॅट ८ ओहमला म्हणजे २८.३ व्होल्ट, टोकाला ४० व्होल्ट. ८ ओहमला ५ ॲम्पिअर, ३.२ ला साडेबारा. छोट्या ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प इथे मान टाकतो. म्हणून माहितीपत्रकात ८ ओहमचा आकडा बघून थांबू नका. ४ ओहमला किती देतो ते बघा. दुपटीच्या जवळ जात असेल तर पॉवर सप्लाय भक्कम आहे असं समजा.

कोमल रिषभ (सांगली)

मी गाते आणि शिकवते, तंत्रातलं फार कळत नाही. मारवाकाका, एक विचारू का? तुम्हाला घरात सवाईच्या मंडपातला आवाज हवाय की बैठकीतला?

विचारायचं कारण असं. १९५३ पासून चालत आलेला तो महोत्सव आपण सगळ्यांनी ऐकलाय, पण तिथलं ऐकणं लाउडस्पीकरमधून होतं. हजारो माणसांपर्यंत पोचायचं तर ते लागतंच. बैठकीत मात्र गाणारा सात-आठ फुटांवर असतो, माइक नसतो, आणि डग्ग्याची घुमक पोटात लागते तरी आवाज मोठा वाटत नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी मी बघते, सगळे मंडपाचा आवाज लावतात आणि मग गळा टोचतो म्हणतात.

ऐकून बघायचं असेल तर गाणं सुरू व्हायच्या आधीचे दोन तंबोरे लावा. चार तारा वेगवेगळ्या ऐकू येऊन पुन्हा एकत्र मिसळल्या पाहिजेत, आणि जवारीचा तो रेशमी झणकार मधेच विरून न जाता पुढच्या छेडीपर्यंत टिकला पाहिजे. तिथे गडबड असेल तर पुढे कितीही मोठा गवय्या असला तरी उपयोग नाही.

मारवा (पुणे)

ताई, बैठकीतलाच. प्रश्न नेमका विचारलात, मी स्वतःला हा कधी विचारलाच नव्हता. वडील कुरुंदवाडचे, लहानपणी आमच्या माडीवर गाणं झालेलं आहे. मी त्या आवाजाच्याच शोधात आहे. रविवारचा वाद्यवृंद मात्र मोठा लावतो, तो मोठाच हवा.

खर्जसाहेब, क्लिपिंगचं पटतंय, पण खात्री कशी करायची? माझ्याकडे ऑसिलोस्कोप नाही.

खर्ज (नाशिक)

साधा मल्टिमीटर पुरेल. १०० हर्ट्झचा साइन टोन घ्या, पूर्ण पातळीच्या २० डीबी खाली बनवलेला. मोफत मिळणाऱ्या ऑडॅसिटीत दोन मिनिटांत होतो. आधी नेहमीचं गाणं नेहमीच्या आवाजात लावा आणि नॉब जिथे आहे तिथेच सोडा. ॲम्प बंद करा, स्पीकरच्या वायरी काढा, पुन्हा सुरू करून टोन वाजवा. ॲम्पच्या लाल-काळ्या टर्मिनलवर मीटर एसी व्होल्टवर ठेवून आकडा लिहून घ्या. वायरी एकमेकींना चिकटणार नाहीत एवढं सांभाळा.

२० डीबी म्हणजे व्होल्टेजमध्ये दहापट. आलेल्या आकड्याला दहाने गुणलं की रेकॉर्डिंगमधलं सर्वांत मोठं टोक आलं असता ॲम्पकडून किती व्होल्ट मागितले जातील ते मिळतं. वर्ग करून ८ ने भागा, झाले वॅट. वाद्यवृंदाच्या नॉबवर हेच पुन्हा करा. व्हॉल्व्ह ॲम्पवर मात्र हे करू नका, त्याला लोड न जोडता चालवणं धोक्याचं असतं.

सोल्डरगन (कोल्हापूर)

चाळीस वर्षं ॲम्प दुरुस्त करतोय, म्हणून दोन शब्द लिहितो.

मारवासाहेब, न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात कुठे तीनशेच्या वर व्होल्टेज जातं, कुठे दीडशेवर येतं. नवीन ॲम्प आणायच्या आधी व्होल्टेज कट-ऑफ बसवून घ्या, जो २६५-२७०च्या वर गेल्यावर लाइन तोडेल आणि परत जोडायला दोन-तीन मिनिटं थांबेल. स्पाइकबस्टरच्या पट्टीवर विसंबू नका. तिच्यातला तो निळा किंवा पिवळा चकतीसारखा एमओव्ही क्षणभराचा झटका खातो, दहा मिनिटं ३३० व्होल्ट आले तर स्वतः जळतो आणि मागचंही जाऊ देतो. अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर दिसत असेल तर आधी ते काम.

आता ॲम्प. माझ्या टेबलावर क्वाड ३०३ येतो. १९६७ साली निघालेला, ४५ वॅटचा. कॅपॅसिटर बदलले की पुढची वीस वर्षं बिनघोर. कारण सर्किट मिळतं, सुटे भाग साधे आहेत, हात आत जातो. उलट दहा वर्षांचे महागडे ॲम्प येतात, चार पदरी बोर्ड, चिपवरचा नंबर खरवडून टाकलेला, कंपनी सर्किट देत नाही. मी हात जोडून परत देतो. मला गिऱ्हाइकाला नाही म्हणताना त्रास होतो. ४ लाख घालणार असाल तर दुकानदाराला आवाजाच्या आधी हे विचारा की बिघडला तर तो भारतात कोण उघडणार, किती दिवसांत, आणि लेखी देणार का. तुमच्या जुन्या ॲम्पचं जे झालं तेच पुन्हा होऊ नये.

तो जुना फेकू नका. फोटो पाठवा, बघतो.

संत्रानगरी (नागपूर)

क्लास ए या प्रकाराबद्दल एक बाजू मांडतो, माझ्याकडे आहे म्हणून.

२५ वॅटचा आहे. आवाज मला जिवापाड आवडतो, हे आधी. पण तो गाणं असो नसो, भिंतीतून सतत २४० वॅटच्या आसपास ओढतो आणि त्यातलं जवळजवळ सगळं उष्णता म्हणून खोलीत सोडतो. रोज चार तास म्हणजे महिन्याला २९ युनिट. तेवढं परवडतं. परवडत नाही तो मे महिना. बाहेर ४५, कूलर लावला तर त्याच्या आवाजात तंबोरा जातो, नाही लावला तर बसवत नाही. हीटसिंकवर तळहात तीन सेकंद टेकवत नाही. एप्रिल ते जून तो कापडाखाली झाकलेला असतो, आणि मला हेडफोनवर ऐकावं लागतं. पुण्यात एवढं होणार नाही, तरी ८५ डीबीच्या स्पीकरला २५ वॅट म्हणजे रविवारी कमी पडणार. माझे स्पीकर ९३ डीबीचे आहेत म्हणून निभतं.

झाला (दादर)

संत्रानगरी यांचा मुद्दा मान्य. मग व्हॉल्व्ह का नको? मॅकिंटॉशचा एमसी२७५ बघा, १९६१ची रचना, ७५ वॅट, आजही बनतो. त्याच्यावर आवाज ऐकला की माणूस समोर बसल्यासारखा वाटतो.

खर्ज (नाशिक)

एमसी२७५ मलाही प्रिय आहे, आणि मॅकिंटॉशचे आउटपुट ट्रान्सफॉर्मर फार वरच्या दर्जाचे आहेत. एकूण व्हॉल्व्ह ॲम्पबद्दल सांगतो. बऱ्याच व्हॉल्व्ह ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा आतला अडथळा, एक-दीड ओहम असतो. दीड धरा. स्पीकर ३.२ ओहमवर असेल तिथे ३.३ डीबी गळती, आणि जिथे स्पीकर २५ ओहमवर चढतो तिथे अर्धा डीबी. म्हणजे स्पीकर बनवणाऱ्याने कष्टाने सरळ केलेली रेघ ॲम्पमुळे जवळजवळ ३ डीबीने वाकडी होते. काही कानांना तो वाकडेपणा गोड लागतो आणि ते ऐकू येणं अगदी खरं आहे. पण तो गोडवा त्या जोडीचा आहे. दुसरा स्पीकर लावला की चव बदलते.

१९८५ साली बॉब कार्व्हर यांनी हेच दाखवलं. स्टिरिओफाइल मासिकाच्या संपादकांनी निवडलेल्या महागड्या व्हॉल्व्ह ॲम्पसारखा आवाज आपल्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्पमधून काढून दाखवतो असं ते म्हणाले. दोन्ही ॲम्प एकाच स्पीकरच्या दोन टोकांना जोडले, म्हणजे उरेल तो फक्त फरक, आणि तो फरक ऐकू येईनासा होईपर्यंत आपल्या ॲम्पमध्ये बदल करत गेले. शेवटी संपादकांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. ॲम्पचा "स्वभाव" असतो, झाला, तुम्ही खोटं बोलत नाही. पण तो कुठून येतो हे मोजता येतं.

डॅम्पिंग फॅक्टरच्या (स्पीकरच्या ओहमला ॲम्पच्या आतल्या ओहमने भागून येणारा आकडा) मोठ्या आकड्यांमागे मात्र जाऊ नका. ॲम्पचा १००० असला तरी दीड चौरस मिलिमीटरची तीन मीटर वायर जाऊन येऊन ०.०७ ओहम घालते, तिथेच तो शंभराच्या आसपास येतो, आणि शंभर पुष्कळ आहे.

उसगावकर (सॅन होजे)

धागा आवडला, वाखू (वाचनखूण) साठवली. मी पुढच्या वर्षी नाशिकला परत येतोय, म्हणून माझाही स्वार्थ आहे.

इथून ॲम्प आणायचा विचार कुणी करत असेल तर सांगतो. इथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. काही ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरला दोन प्रायमरी (वीज आत घेणारी वेटोळी) असतात, त्या सिरीजमध्ये जोडल्या की २३०-२४० ला चालतो. पण सगळ्यांना नसतात, आणि काही कंपन्या हा बदल मालकाला करू देत नाहीत. जपानमधून जुने लक्समन किंवा ॲक्युफेज स्वस्त दिसतात ते १०० व्होल्टचे असतात. त्यांना स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही ॲम्पच्या पूर्ण भाराच्या दीडपट क्षमतेचा, नाहीतर तुम्ही भक्कम पॉवर सप्लायचे पैसे देऊन त्याच्या नाकाला चिमटा लावलात असं होतं.

माझ्याकडे बेंचमार्कचा एएचबी२ आहे. १०० वॅट ८ ओहमला, १९० वॅट ४ ओहमला, वजन सहा किलोच्याही आत. तुमच्या ३.२ ओहमला तो डगमगणार नाही. इतका शांत की ट्वीटरला कान लावला तरी काही ऐकू येत नाही. पण मारवाजी, त्याला इनपुट फक्त एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांचं. तुमच्या प्रीॲम्पला आरसीए, तेव्हा बदलवायर लागेल. आणि बिघडला तर न्यूयॉर्क राज्यात पाठवावा लागेल. सोल्डरगनकाकांचं वाचून मी स्वतःही विचारात पडलोय.

पावसाळी (म्हापसा)

आमच्या गोव्यात वेगळीच चिंता. जून ते सप्टेंबर हवेतलं पाणी रिले, स्विच, आरसीए सगळ्यांवर चढतं. माझ्या एका ॲम्पचा डावा चॅनल पावसाळ्यात हळू व्हायचा, निघाला स्पीकर रिलेचा काळवंडलेला संपर्क. आता पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालवतो, म्हणजे आतली ओल जाते. कोकणात राहणाऱ्यांनी हे करावंच.

मारवा (पुणे)

मोजलं! काल रात्री जेवणं झाल्यावर मुलीला मोबाइलचा दिवा धरायला लावून मीटर टेकवला.

नेहमीचा ख्याल : १.० व्होल्ट. म्हणजे टोकाला १० व्होल्ट, साडेबारा वॅट.
रविवारचा वाद्यवृंद : १.९ व्होल्ट. म्हणजे १९ व्होल्ट, ४५ वॅट.

मेहुण्याचा ॲम्प ४० वॅटचा, म्हणजे १८ व्होल्टच्या आतबाहेर संपतो. खर्जसाहेब, तुम्ही खुर्चीवर बसून तेरा वॅट सांगितलेत आणि मीटरने साडेबारा सांगितले. मी दोन वेळा पुन्हा मोजलं.

मग लक्षात आलं की किशोरीताई मी रविवारच्या नॉबवरच ऐकत होतो. वाद्यवृंद संपला की तसाच नॉब ठेवून पुढची तबकडी लावायची सवय. आज ती ख्यालाच्या नॉबवर लावली. तार षड्ज सरळ आला, रेषेसारखा. डोळे भरून आले, खरंच सांगतो.

म्हणजे गरज ४५ वॅटची, आणि ३.२ ओहमवर त्या वेळी साडेआठ ॲम्पिअरची. दुप्पट-तिप्पट राखीव धरली तर १०० ते १५०. बरोबर ना?

खर्ज (नाशिक)

अगदी बरोबर. १०० घेतलेत तर साडेतीन डीबी राखीव, २०० घेतलेत तर साडेसहा. ४५ वरून ५० वॅटवर गेलात तर अर्धा डीबीसुद्धा मिळणार नाही, त्यामुळे ६०-७०च्या ॲम्पसाठी पैसे घालू नका.

क्लास डी (आउटपुट फार वेगाने चालू-बंद करून चालणारा ॲम्प) वर्ज्य समजू नका. पूर्वीच्या क्लास डीमध्ये आउटपुटच्या फिल्टरमुळे वरचे स्वर स्पीकरनुसार बदलायचे. ब्रूनो पुटझाइस यांनी आधी फिलिप्समध्ये, मग हायपेक्समध्ये आणि पुढे प्युरिफायमध्ये फीडबॅक फिल्टरच्या पुढून घेऊन तो दोष काढला. एनएडीचा सी २९८ प्युरिफायच्या मॉड्यूलवर आहे : १८५ वॅट ८ ओहमला, ३४० वॅट ४ ओहमला. आरसीए आणि एक्सएलआर दोन्ही. दुपटीच्या जवळ जातो हे बघा. तुमच्या बजेटपेक्षा बराच खाली बसेल.

सोल्डरगन (कोल्हापूर)

क्लास डीचं मॉड्यूल माझ्यासारख्याला दुरुस्त करता येत नाही, आख्खं बदलावं लागतं. हा धोका समजून घ्या. पण मॉड्यूल तयार मिळतं, चार स्क्रू आणि दोन सॉकेट. नंबर खरवडलेल्या चिपपेक्षा मला ते परवडलं.

झाला (दादर)

मारवासाहेब, एकच विनंती. आकड्यांवरून यादी करा, पण ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि ऐकताना दोन्ही ॲम्पचा आवाज मीटरने एक टक्क्याच्या आत सारखा करून घ्या. मी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा तसं केलं. माझ्या सहापैकी जे दोन अजून घरात आहेत त्यांच्यातला फरक मला वाटायचा त्याहून पुष्कळ लहान निघाला. आहे, पण लहान. रात्री दीड वाजेपर्यंत बसलो होतो. हे लिहिणं मला आवश्यक वाटलं.

कोमल रिषभ (सांगली)

झालादादा, तुमचा प्रतिसाद फार आवडला.

मारवा (पुणे)

दीड महिन्याने धागा वर काढतोय.

दोन ॲम्प घरी आणून ऐकले. एक १५० वॅटचा जुना क्लास एबी, ३४ किलोचा, जिना चढवायला दोघे लागले. दुसरा सी २९८. पातळी मीटरने सारखी केली, मुलगी पडद्यामागे वायरी बदलायची, मी कागदावर लिहायचो. तंबोऱ्यावर आणि ख्यालावर मला फरक सांगता आला नाही. वाद्यवृंदात एकदा वाटलं, पुन्हा केल्यावर उलटं लिहून बसलो.

मग निर्णय दुरुस्तीवर केला. जुन्या क्लास एबीचं सर्किट कुठेच मिळेना. सी २९८च्या विक्रेत्याने वॉरंटी आणि दुरुस्तीचं केंद्र बिलावर लिहून दिलं. तोच घेतला. उरलेल्या पैशांतून कट-ऑफ, नवं अर्थिंग, आणि स्पीकरमागच्या भिंतीला जाड गालिचा.

पहिल्या दिवशी एक अडचण आली. दोन्ही स्पीकरमधून बारीक "घूंऽऽ". गाणं लावलं नाही तरी.

सोल्डरगन (कोल्हापूर)

प्रीॲम्पच्या वायरी ॲम्पपासून काढून बघा. घूं गेली तर ॲम्प निर्दोष. मग एकेक यंत्र जोडत या. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स ऑडिओला जोडलाय का? केबलवाल्याची वायर दुसऱ्याच ठिकाणी अर्थ झालेली असते. कुणी सांगेल प्लगचा अर्थचा पाय काढा, ते अजिबात करायचं नाही. जीव जातो त्यात.

मारवा (पुणे)

केबलचीच वायर होती. सेटटॉप बॉक्सची ती गोल वायर हाताने सोडवली आणि घूं क्षणात थांबली. आता टीव्हीचा आवाज ऑप्टिकल वायरने डॅकला घेतलाय, धातूचा संबंधच नाही. काका, तुमच्या नावाने पेढे कोल्हापूरला येतील. जुन्या ॲम्पचे फोटोही पाठवतोय.

कोमलताई, दोन तंबोरे लावून बसलोय. पंचमाची तार डाव्या स्पीकरच्या जरा आत, जोडीच्या तारा मधे, खर्जाची तार उजवीकडे खाली. चारही वेगळ्या आणि एकच. नॉब ख्यालाच्या खुणेवर आहे, तिथे मुलीने पांढऱ्या पेनाने ठिपका दिलाय.

कोथरूड-कर्वेनगर भागात कुणाला मोजून बघायचं असेल तर मीटर आणि टोनची फाइल घेऊन मी येतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.